पाखंगबाची एकशेवीस वर्षे

नोंगदा लाइरेन पाखंगबा हा मणिपूरचा मैतेई राजा अर्जुनपुत्र बभ्रुवाहनाचा वंशज होता, त्याने इ.स. 33 ते 154 अशी सुमारे एकशेवीस वर्षे राज्य केले आणि त्याच काळी वर्षवार लिहिलेली बखर याची साक्ष देते, असे ठिकठिकाणी छातीठोकपणे सांगितले जाते. ही तिन्ही विधाने टिकत नाहीत.

आधी बखरीविषयी. 'चैथारोल कुंबाबा' ही दरबारी बखर पाखंगबाच्या राज्यारोहणापासून सुरू होते, हे खरे आहे. पण ती त्याच्या काळात लिहिली गेलेली नाही. तिचा वर्षवार सांगाडा ज्या चैथाबा प्रथेवर उभा आहे, ती राजा कियांबाने 1485 मध्ये सुरू केली. वर्षारंभी एक माणूस पुढे येई, राजा, राणी आणि प्रजा यांच्यावर येऊ घातलेली वर्षभराची अरिष्टे व पापे स्वतःवर घेई आणि त्या वर्षाला त्याचे नाव पडे. कालगणनेची इतकी जबाबदार रीत मला दुसरी ठाऊक नाही. पाखंगबाच्या वर्षांना मात्र हा आधार नाही. शिवाय बखरीचा जुना भाग हरवल्यामुळे तो अठराव्या शतकात, राजा भाग्यचंद्राच्या कारकिर्दीत, नव्याने लिहवून घेण्यात आला.

एकशेवीस वर्षांचे म्हणाल, तर बखरीतलेच आकडे मांडून पाहावेत. पाखंगबा, खुयोइ तोंपोक आणि ताओथिंगमांग या पहिल्या तिघांच्या वाट्याला 33 ते 364 अशी 331 वर्षे येतात आणि त्यांच्या मागून आलेल्या चौघांच्या वाट्याला मिळून अवघी 64. आठवणीत उरलेल्या मोजक्या नावांवर फार मोठा काळ वाटून द्यावा लागला, हाच याचा सरळ अर्थ दिसतो.

बभ्रुवाहनाचे नाते तर फारच उशिराचे आहे. आदिपर्वातला अर्जुन कलिंग ओलांडून, महेंद्र पर्वत पाहून समुद्रकिनाऱ्याने मणिपुरास, म्हणजे बभ्रुवाहनाच्या जन्मस्थानी, जातो. मैतेईंच्या इंफाळ खोऱ्याजवळ मात्र समुद्र नाही. मैतेई आपल्या भूमीला कांगलैपाक म्हणत. राजा गरीबनवाजने वैष्णव पंथाला राजाश्रय दिल्यावर, अठराव्या शतकात, मणिपूर हे नाव आणि ही वंशावळ तिथे रुजली.

म्हणून पाखंगबा झालाच नाही, असेही कोणी म्हणू नये. इंफाळमधील कांगला या राजस्थानातून राज्य करणाऱ्या आणि इतर कुळांना हळूहळू आपल्या छत्राखाली आणणाऱ्या निंगथौजा कुळाचा तो मूळपुरुष मानला जातो, आणि स्वतःचे शेपूट तोंडात धरलेल्या नागाच्या रूपात मैतेई लोक त्याला आजही पूजतात.