माइकची तार सोडवण्याचा शास्त्रोक्त विधी

आपल्या चाळीच्या चौकात गणेशोत्सवातला भावगीतांचा कार्यक्रम ठरला असेल आणि निवेदिकेच्या पायात तार अडकते म्हणून मंडळाचे अध्यक्ष गेल्या वर्षीपासून कासावीस असतील, तर लॅमिंग्टन रोडला जावे आणि माइकच्या बुडाला लावायचा बिनतारी ट्रान्समीटर घेऊन यावा. तारेचा जुना माइक त्यात खोचला की तो बिनतारी होतो, हे अगदी खरे आहे. चौकशी इथेच थांबवावी आणि पुढील सूचना श्रद्धेने पाळाव्यात.

खरेदीच्या वेळी तो रेडिओलहरींच्या कोणत्या पट्ट्यात चालतो हे विचारू नये. स्वस्त संच बहुधा 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि चाळीतल्या घरोघरचे वायफाय व ब्लूटूथही तिथेच नांदत असते. शेजारधर्म म्हणून सांभाळून घ्यावे. चाचणी दुपारी, चौक रिकामा असताना उरकावी. त्या वेळी आवाज दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही स्वच्छ पोहोचतो. संध्याकाळी तोच चौक गच्च भरतो, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो आणि माणसाच्या देहात निम्म्याहून अधिक पाणी असल्यामुळे तो या लहरी शोषून घेतो, असले काहीबाही साउंडवाला सांगू लागेल. त्याला चहा पाजावा. या लहरी पकडणारा रिसीव्हर मंचाजवळ, डोक्यांच्या वर, माइकशी समोरासमोर ठेवण्याचा त्याचा हट्टही मोडून काढावा, कारण तो फोटोत येतो. प्रेक्षकांच्या मागे, सगळ्या माइकचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सरच्या टेबलाखाली, सतरंजीच्या घडीवर ठेवला म्हणजे शोभा राहते.

गायिका स्वतःचा कंडेन्सर माइक घेऊन आल्या, तर कार्यक्रमाला खरा रंग चढतो. अशा माइकला फँटम पॉवर, म्हणजे बाहेरून पुरवलेली वीज, लागते, म्हणून आपण मिक्सरवरचे 48 व्होल्टचे बटण रुबाबात दाबावे आणि वाट पाहावी. हे व्होल्ट माइकपर्यंत तारेतूनच जायचे असतात आणि तार तर आपण नुकतीच नारळ फोडून काढून टाकलेली असते. वीज ट्रान्समीटरनेच पुरवावी लागते. काही पुरवतात, काही पुरवत नाहीत आणि पुरवणाऱ्यांची बॅटरी लवकर आटोपते. दोन्ही प्रकारांत गायिका ओठ हलवत राहतात. पहिल्या रांगेतल्या आजी आपले श्रवणयंत्र काढून फुंकर मारू लागल्या, की विधी यथासांग चालला आहे असे समजावे.

ट्रान्समीटरवरच्या गेनला, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते ठरवणाऱ्या मात्रेला, हात लावू नये. दुकानदाराने तो जिथे ठेवला, तिथेच त्याचा मुहूर्त असतो. तो जास्त असला तर आवाज मिक्सरपर्यंत पोहोचण्याआधीच फाटतो आणि मग मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, कितीही खाली ओढला तरी तोच फाटका आवाज हळू ऐकू येतो. अध्यक्षांना हळू आवाज चालतो, कारण रात्री दहानंतर काय होते ते त्यांना ठाऊक असते.

तीन ट्रान्समीटर घेतले असतील आणि ते यूएचएफ या रेडिओ पट्ट्यात चालत असतील, तर तिघांना समान अंतरावर बसवावे: 600, 600.4 आणि 600.8 मेगाहर्ट्झ. दिसायला किती नेटके! पहिले दोन एकमेकांजवळ आले की दुसऱ्याच्या दुपटीतून पहिला वजा होऊन बरोबर 600.8 वर एक भुताटकी उभी राहते आणि तिसऱ्याच्या तोंडचे निवेदन गिळू लागते. अंतरे विषम ठेवली तर हे टळते, पण इतकी आकडेमोड उत्सवाच्या धामधुमीत कोण करणार?

माइक धरण्याची रीत फार महत्त्वाची. पुष्कळ संचांत ट्रान्समीटरची पेटी आणि माइकचे धातूचे अंग मिळून अँटेना होते, म्हणून दोन्ही हातांनी बुडाची पेटी घट्ट कवटाळावी. जड बूड सांभाळल्याचे समाधानही मिळते. (निवेदिका साडीचा पदर सावरताना एक हात सोडतात आणि नेमका तेव्हाच आवाज नीट येतो, त्यांना समज द्यावी.)

एवढे करूनही आवाज तुटलाच, तर प्रमुख पाहुण्यांच्या देखत साउंडवाल्याकडे वळून दोन्ही हात पसरावेत. टेम्पोत एक तार आहे असे तो पुटपुटेल. टेम्पोला चौकात जागा नव्हती, म्हणून तो आपणच सकाळी चर्नी रोड स्टेशनकडे पिटाळला होता, हे त्याला सांगू नये. त्याच्या उरलेल्या बिलातून किती कापायचे, तेवढे खजिनदारांशी बोलून घ्यावे.