पतियाळ्याच्या आलासिंगांनी रसद दिली ती भाऊंच्या छावणीला, अब्दालीला नव्हे

‘पतियाळा, नाभा, जींद ही आलासिंगांच्या तीन मुलांची राज्यं. तिघांनी पानिपतावर अब्दालीला धान्य पुरवलं. रणजितसिंगही त्याच घराण्यातले.’ हा मजकूर सोबतच्या वंशावळीसकट घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर पोचलाय आणि तो खरा मानून पुढे धाडला जातोय. आता गप्प बसवत नाही.

आधी धान्याचं, कारण बदनामी तिथे आहे. डिसेंबर १७६० मध्ये मराठ्यांना रसद पुरवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि गंगा-यमुनेच्या दुआबातली रसद तुटली. छावणीत उपासमार सुरू झाली. त्या दिवसांत आपल्या मुलखातून मराठ्यांना दाणागोटा पाठवणारे हेच आलासिंग. त्यांनाच अब्दालीचे पुरवठादार म्हणायचं? लढाईनंतर अडीच महिन्यांनी, २९ मार्च १७६१ रोजी, अब्दालीने खंडणीच्या बोलीवर त्यांचा मुलूख मान्य केला आणि त्यांनी ते पत्करलं, एवढं मात्र खरं. दल खालसा, म्हणजे शिखांची एकत्रित फौज, हीही त्यावरून खवळली होती. पण पुढच्याच वर्षी अब्दालीने आलासिंगांचं ठाणं बर्नाला लुटलं, त्यांना कैद केलं आणि पैसे घेऊनच सोडलं.

वंशावळही चूक. मूळपुरुष चौधरी फूल, म्हणून हे घराणं फूलकियाँ. थोरल्या तिलोकाच्या मुलांपैकी गुरदित्तापासून नाभा, सुखचैनपासून जींद. धाकट्या रामाचे पुत्र आलासिंग, म्हणजे पतियाळा. भदौड आणि मलौद याही रामाच्याच शाखा. तेव्हा नाभा-जींदकर आलासिंगांचे वंशज नव्हेत, भाऊबंद. आणि थोरली पाती नाभ्याची. लेपल ग्रिफिनच्या १८७० च्या ‘राजाज ऑफ द पंजाब’मध्ये हे पिढीवार दिलंय. ग्रिफिन इंग्रज अधिकारी होता, त्याची मतं बाजूला ठेवा. वंशावळ तेवढी बघा.

फोनवर फिरणाऱ्या त्या वंशावळीत नाभ्याचे हिरासिंग हे भगवानसिंगांचे पुत्र दाखवलेत. भगवानसिंग १८७१ साली निपुत्रिक वारले. इंग्रजांनी दिलेल्या १८६० च्या सनदेप्रमाणे वारस नसला तर तो फूलकियाँमधूनच निवडायचा, आणि निवड उरलेल्या दोन राजांनी इंग्रज प्रतिनिधीसह करायची. त्यानुसार जींदच्या बडरुखाँ शाखेतले हिरासिंग गादीवर आले. गादीचा क्रम आणि रक्ताची रेघ इथे फुटते. राजांची यादी बापलेकांची समजून उतरवली की हीच चूक होणार.

राहिले रणजितसिंग. ते सुकरचकिया, म्हणजे फूलकियाँहून वेगळ्या शीख मिसलीचे (सरदारांच्या जथ्याचे). आई राजकौर जींदच्या गजपतसिंगांची मुलगी, म्हणून जींद त्यांचं आजोळ. तरी त्यांच्याच धास्तीने १८०८ साली दिल्लीला इंग्रजांकडे संरक्षण मागायला गेलेल्यांत त्यांचे सख्खे मामा, जींदचे भागसिंग होते.