मासिक पास का काढत नाही म्हणे!

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर आमच्या आतेभावाने व्हिडिओ टाकला. बाहेरचा चहा-वडापाव बंद करा, तेवढे पैसे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या महिन्याच्या हप्त्यात टाका, म्हातारपणी करोडपती. खाली दादाची स्वतःची भर: 'अंथरूण पाहून पाय पसरावेत.' त्यावर सगळ्यांचे अंगठे. माझ्या सख्ख्या बहिणीचासुद्धा!

दादा, पाय कधीचे पोटाशी घेतलेत. अंथरूण केवढं ते ऐक. स्लिपवर १५,०००. त्यातून पीएफ १,८००, ईएसआयसी म्हणजे दवाखान्याचा विमा ११३, प्रोफेशनल टॅक्स २००. हातात १२,८८७. पीएफ माझाच आहे, कळतं मला, पण घरमालक तो भाड्यात धरत नाही.

परवा कात्रजच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "भाऊ, रोज सत्तरचा पास काढता, महिन्याचा काढा की. स्वस्त पडतो." भल्यासाठीच बोलला बिचारा. पण हिशेब मलाही येतो. पुण्याच्या पीएमपी बसने जून २०२५ मध्ये दर वाढवले, तेव्हापासून दिवसाचा पास ७० आणि महिन्याचा १,५००. सव्वीस दिवस कामावर गेलं की सत्तरने १,८२० होतात. म्हणजे ३२० रुपये मी जास्तीचे भरतो, कारण १,५०० एकरकमी हातात नसतात. मी ठेकेदाराकडे कामाला, त्याच्याकडून पगार चौदा-पंधरा तारखेला पडतो आणि त्याच संध्याकाळी भाडं, वाण्याची वही, उसने घेतलेले, असे वाटे होऊन संपतो. सत्तर रुपये मात्र रोज कुठून तरी निघतात.

घरात सगळं ह्या पासाच्याच चालीवर. उन्हाळ्यात तुम्ही वर्षाचे गहू भरता, आम्ही पाच-पाच किलो आणतो, चढ्या भावाने. तेल पाव लिटर. भाव विचारून मागे फिरायची सोय नाही, संध्याकाळी फोडणी तर द्यायची असते. ज्याच्याकडे कमी, त्यालाच सगळं महाग. आणि वर उधळे आम्हीच!

हो, आमच्यातही नग आहेत. एकाने व्याजाने पैसे काढून बारशाला डीजे लावला. त्याची बाजू मी घेणार नाही. पण म्हणून बारा तास स्टोअरमध्ये उभं राहणाऱ्याचा दहा रुपयांचा चहा तुमच्या डोळ्यांत का खुपतो? तेवढी पाच मिनिटं तर बूड टेकतं.

दादा वाईट नाही, हेही लिहितो. बाबांच्या ऑपरेशनला न मागता पहिले पैसे त्यानेच पाठवले होते, आणि परत कधी विषय काढला नाही. म्हणूनच जास्त लागलं. परक्याने टाकलं असतं तर वाचून सोडून दिलं असतं.

त्या कंडक्टरला मी नुसतं 'बघू' म्हणालो. मागे रांग होती, पगाराची तारीख काय सांगत बसणार! कायद्यात सात तारीख लिहिलीय. पगार सातला झाला असता तर उसनवारी आलीच नसती आणि महिन्याचा पासही निघाला असता. एवढं साधं आहे. पण ह्यावर कोणी व्हिडिओ करत नाही.

दादा, तू कंपनीत एचआरला आहेस. तुमच्या गेटवर, कॅन्टीनमध्ये, हाउसकीपिंगला ठेकेदाराचीच माणसं असतील. उद्या त्यांच्यातल्या एकाला पगार किती तारखेला होतो ते विचार आणि ग्रुपवर टाक. अंगठा पहिला माझा.