निक सिम्परचंही नाव घ्या

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की आमच्या ग्वाल्हेरच्या मित्रमंडळींची गाडी थेट १९७० वर येऊन थांबते. ‘इन रॉक’, ‘मशीन हेड’ हे अल्बम, ब्लॅकमोरची गिटार, गायक गिलनची वर चढत जाणारी किंकाळी. माझाही जीव त्यातच आहे. पण त्याआधीच्या दीड वर्षाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, ते मला खटकतं.

१९६८ मध्ये बँड उभा राहिला तेव्हा गायक होता रॉड इव्हान्स आणि बास गिटारवर निक सिम्पर. या दोघांना घेऊनच वर्षभरात तीन अल्बम झाले, एक गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. मग ब्लॅकमोर आणि ऑर्गनवादक जॉन लॉर्डला जड, आक्रमक आवाज हवासा झाला आणि इव्हान्सचा मऊ गळा त्यात बसेना. इथवर ठीक. पण १९६९ च्या जूनमध्ये लंडनच्या हॅनवेल भागात दिवसा त्यांच्या जागी येणाऱ्या गिलन आणि बासवादक ग्लोव्हरबरोबर गुपचूप तालमी चालत, आणि कार्यक्रमाला जायचं ते इव्हान्स-सिम्परला घेऊन. त्या दोघांना पत्ताच नाही!

ग्वाल्हेर घराण्याचे ख्यालगायक हद्दू-हस्सू खाँ लपून बडे मुहम्मद खाँ या दुसऱ्या गवयाचं गाणं ऐकत आणि उचलत, ही गोष्ट आम्ही ग्वाल्हेरकर लहानपणापासून ऐकतो. लपून विद्या घेतली, हे मी समजू शकतो. आपल्याच माणसाच्या पाठीमागे तालीम करणं मला नाही समजत.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ऑर्केस्ट्रात बास वाजवायचो. गणपतीच्या आधी एका संध्याकाळी बास खांद्याला अडकवून जिना चढत होतो, तर वरून माझाच पीस ऐकू आला. दुसऱ्या अंतऱ्याआधी खालच्या सा पर्यंत उतरणारी जागा मी आठवडाभर बसून बसवली होती, तीसुद्धा तशीच्या तशी. मी जिन्यातच थांबलो. दार उघडलं तेव्हा आमचा गिटारवाला, ज्याला मी दादा म्हणायचो, म्हणाला, “अरे, तुला सांगणारच होतो.” तो नवा मुलगा माझ्यापेक्षा चांगला वाजवत होता, हे मला जिन्यातच कळलं होतं. तरी ते वाक्य अजून बोचतं.

भांडणांतूनच तो आवाज घडला, असं लोक म्हणतात. १९७२ च्या जपानमधल्या रेकॉर्डिंगमध्ये लॉर्डचं ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ते ऐकताना मलाही पटतं. पण ती चढाओढ समोरासमोरची, सगळ्यांच्या देखत. सिम्परला समोर बसवून सांगितलं असतं तर ‘इन रॉक’मधला एक सूरही कमी झाला नसता. पुढे १९७३ मध्ये गिलन स्वतःहून गेला, ग्लोव्हरला मात्र ब्लॅकमोरच्या हट्टापायी जावं लागलं. पुन्हा बासवालाच.

२०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलच्या आठ जणांना मान दिला. इव्हान्सचं नाव त्यात होतं. सिम्परचं नव्हतं.