चालू आहे, पण चालत नाही

ज्या संगणकाचे बटण दाबल्यावर काहीच होत नाही, त्याच्या मालकाचा मला अलीकडे हेवा वाटू लागला आहे. त्याचा प्रश्न सरळ असतो आणि त्याच्या दुःखावर कोणी शंका घेत नाही. माझा संगणक मात्र बटण दाबताच आज्ञाधारकपणे सुरू होतो. पंखा फिरतो, कंपनीचे चिन्ह झळकते, पासवर्ड विचारला जातो, तो बरोबर असल्याचे मान्य केले जाते, निसर्गचित्र उमटते, सारे आयकॉन आपापल्या जागी उभे राहतात, आणि आता कामाला लागावे म्हणून मी एखाद्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की थोड्याच वेळात सगळे जागच्या जागी थिजते.

यातला सर्वांत क्रूर भाग असा की माऊसचा बाण हलत राहतो. पडद्यावर तो बाण काढण्याचे काम ग्राफिक्सचा भाग वेगळे करत असल्यामुळे बाकीची यंत्रणा डिस्कच्या उत्तराची वाट पाहत ताटकळली, तरी बाण खुशाल इकडून तिकडे हिंडू शकतो. त्याला टिचकी मारण्याची मुभा असते, टिचकीचा परिणाम होण्याची नसते. एखाद्या प्रोग्रामने पाच सेकंद काहीच दाद दिली नाही, तर विंडोज त्याची चौकट फिकट करते आणि वर ‘प्रतिसाद देत नाही’ असे लिहिते. ही बातमी मला पहिल्याच सेकंदाला कळलेली असते. पण घरातल्या मंडळींना हे पटवणे महाकठीण, कारण ती दारातून डोकावतात, बाण हलताना पाहतात आणि “चालू तर आहे की!” असे म्हणून निघून जातात.

संगणक हँग होतो हे एकदा बाहेर कळले की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. शेजारच्या काकांचे निदान तयारच होते: “व्हायरस असणार.” काकांच्या मते संगणकाला दुसरा कोणताही आजार होत नाही. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसायला सांगितले. या सल्ल्याला हसू नये, कारण त्या टोकांवर साचलेल्या मळामुळे संपर्क बिघडतो हे खरे आहे. मी ती पुसली, आणि त्यानंतर संगणक पूर्वीइतक्याच तत्परतेने हँग झाला. भाच्याने तर लक्षणे पूर्ण ऐकूनही घेतली नाहीत. “मामा, फॉरमॅट मारू या,” तो म्हणाला. त्याच्या पिढीला प्रत्येक तांत्रिक अडचणीवर हाच एक उपाय ठाऊक आहे, आणि तो अमलात आणल्यावर गेलेल्या फायली कोणाच्या होत्या हा प्रश्न तिच्या दृष्टीने भावनिक स्वरूपाचा असतो.

त्याने दिलेली एक युक्ती मात्र कामाची निघाली. संगणक थिजल्यावर कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून पाहायचे. त्याचा छोटा दिवा पेटत आणि विझत असेल, तर आत कोणीतरी जागे आहे आणि फक्त वाट पाहत आहे. दिवाही ढिम्म राहिला, तर अगदी मुळापासून सगळे अडले आहे असे समजावे. माझा दिवा पेटत होता. म्हणजे बाण हलतो, दिवा पेटतो, पंखा फिरतो आणि काम तेवढे होत नाही.

अशा वेळी हात आपोआप कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांकडे जातात. या तिकडीचे जनक आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली. 1981 साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीवर काम करणाऱ्यांना, यंत्राची वीज तोडल्याशिवाय ते झटपट पुन्हा सुरू करता यावे, एवढ्यासाठी त्यांनी ती योजली होती, आणि चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत म्हणून कळा मुद्दाम दूरदूरच्या निवडल्या होत्या. सामान्य माणसाने त्या दाबाव्यात अशी कल्पनाच नव्हती. पुढे 2001 मध्ये त्या पीसीच्या विसाव्या वर्षाच्या कार्यक्रमात, ही युक्ती शोधली मी, पण तिला प्रसिद्धी मिळवून दिली ती बिल गेट्स यांनी, अशा अर्थाचा टोमणा ब्रॅडली यांनी मारला, तेव्हा गेट्स व्यासपीठावरच होते. आज त्या तीन कळा दाबल्यावर संगणक पुन्हा सुरू होत नाही. पर्यायांचा एक पडदा येतो, आणि माझ्याकडे तोही येत नसे. मग उरतो तो शेवटचा उपाय. सुरू करण्याचेच बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरायचे. इतका वेळ बटण दाबून धरताना मनात येणारे विचार छापण्याजोगे नसतात.

“बंद करून परत चालू कर” हा सल्ला जगात सर्वाधिक दिला जात असेल, पण त्यातही एक गोम आहे. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून संगणक ‘शट डाउन’ केला तरी तो पुरता बंद होतोच असे नाही. लवकर सुरू होता यावे म्हणून यंत्रणेच्या गाभ्याची त्या क्षणीची अवस्था एका फाइलमध्ये जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून समोर मांडली जाते. त्यामुळे एखादा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, बिघडलेल्या मनःस्थितीत झोपला असेल, तर तो त्याच मनःस्थितीत उठतो. खऱ्या अर्थाने नव्याने सुरुवात होते ती ‘रीस्टार्ट’ केल्यावर. म्हणजे ज्याचे नाव बंद करणे आहे त्याने नीट बंद होत नाही, आणि ज्याचे नाव पुन्हा सुरू करणे आहे त्याने खरोखर बंद होते. हे मी काकांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि व्हायरसच असल्याचे पुन्हा सांगितले.

सुरू होणे आणि थिजणे यांच्यामध्ये मला जो अल्पसा अवधी मिळत असे, त्यात सारा तपास उरकावा लागे. पासवर्ड टाकण्याआधीच मी बोटे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप यांवर ठेवून बसू लागलो, कारण या कळांनी थेट टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी असते. ती यादी पाहून मला माझ्याच घरात परका असल्यासारखे वाटले. केव्हाच निकालात काढलेल्या प्रिंटरचा एक प्रोग्राम रोज सकाळी उठून त्या प्रिंटरची वाट पाहत होता. कोणत्या तरी मोबाइलशी संधान बांधू पाहणारा एक होता. तो मोबाइल आता कोठे आहे हे मलाही ठाऊक नाही. काही प्रोग्राम इतर प्रोग्राम अद्ययावत ठेवण्यासाठी होते, आणि त्यांतला एक तर फक्त स्वतःला अद्ययावत ठेवत होता. दुसरे कोणतेही काम त्याच्याकडे असल्याचे मला दिसले नाही. प्रत्येकासमोर त्याचा सुरुवातीच्या वेगावर होणारा परिणाम ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ असा लिहिलेला होता. मी ‘जास्त’वाल्यांना रजा देऊ लागलो, तोच पडदा थिजला.

मग ठरवले की सेफ मोडमध्ये जायचे. या अवस्थेत विंडोज अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन सुरू होते. पूर्वी त्यासाठी सुरुवातीला एफ 8 दाबले की भागत असे. पण विंडोज 8 इतक्या वेगाने सुरू होऊ लागले, की ती कळ ओळखण्यासाठी उरलेला अवधी 200 मिलिसेकंदांहूनही कमी झाला आणि मानवजातीला तो अपुरा पडल्यामुळे ती वाट मुळात बंदच ठेवण्यात आली. आता शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’वर टिचकी मारायची असते; म्हणजे चालत नसलेला संगणक दुरुस्त करण्यासाठी तो आधी थोडा वेळ चालावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे सुरू होता होताच त्याची वीज लागोपाठ काही वेळा तोडायची, म्हणजे आपले काहीतरी बिनसले आहे असे त्याला स्वतःलाच वाटू लागते आणि तो दुरुस्तीचा पडदा समोर आणतो. मी हा दुसरा मार्ग पत्करला. त्यात मला थोडे समाधानही लाभले हे लपवत नाही.

सेफ मोडमध्ये संगणक सुरेख चालला. फायली उघडल्या, मिटल्या, तासन्‌तास कोठे अडखळणे नाही. दंतवैद्याच्या दारात पोहोचताच दाढ दुखायची थांबावी, तसा हा प्रकार होता. भाचा म्हणाला, “म्हणजे हार्डवेअर ओके आहे, मामा,” आणि त्या वाक्याने माझा पुष्कळ काळ खाल्ला.

कारण मग मी निम्मे करण्याची पद्धत अवलंबली. सर्व बाहेरच्या सेवा आणि प्रोग्राम बंद करायचे, त्यांतले निम्मे चालू करून पाहायचे, बिघाड ज्या निम्म्यात असेल त्याचे पुन्हा निम्मे करायचे. कागदावर ही पद्धत फार देखणी आहे: 32 संशयित असले तरी पाच पायऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. पण त्यासाठी गुन्हेगार त्या यादीतच असावा लागतो आणि त्याने प्रत्येक वेळी गुन्हा करावा लागतो. माझ्याकडे पहिला निम्मा गट दोषी ठरला, मग दुसरा निम्माही दोषी ठरला, मग आदल्या दिवशी दोषी ठरलेला पहिला गट निर्दोष सुटला. यामागचे कारण नंतर कळले ते असे, की जो गट सुरुवातीला डिस्कची अधिक धावपळ करी तो पकडला जाई, आणि सेफ मोडमध्ये अशी धावपळ फारशी नसल्यामुळे तेथे सगळे आलबेल असे. रॅमची चाचणी मी रात्रभर चालवली आणि सकाळी एकही दोष सापडला नाही हे वाचून मनापासून खिन्न झालो.

शेवटी विंडोज आपल्या घडामोडी आणि तक्रारी जेथे नोंदवते, तो इव्हेंट व्ह्यूअर उघडला. अशक्त मनाच्या माणसाने ही जागा पाहू नये. धडधाकट संगणकातही तेथे लाल खुणांची रांग असते, आणि फोनवरून लोकांना गंडवणारे भामटे नेमकी हीच जागा उघडायला लावून घाबरवतात. माझ्याकडच्या लाल नोंदींतली सर्वांत ठळक नोंद क्रमांक 41 ची होती: संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. म्हणजे मी जे बटण दाबून धरत होतो, त्याची तक्रार तो तारीख-वेळेसह माझ्याविरुद्ध नोंदवत होता. त्या लाल गर्दीत एक पिवळी, नेमस्त सूचना मात्र पुन्हा पुन्हा येत होती. तिचा क्रमांक 129, आणि अर्थ असा की डिस्कला काही विचारले, तिने वेळेत उत्तर दिले नाही, म्हणून तिच्याशी संबंध तोडून नव्याने जोडावा लागला. टास्क मॅनेजरही तेच सांगत होता: थिजण्याच्या क्षणी डिस्क 100 टक्के व्यग्र आणि वाचलेली माहिती शून्य. सरकारी वाटावे असे हे आकडे होते, पण त्यांत तथ्य होते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती वाचणारा एक छोटा प्रोग्राम मी मिळवला. पाचव्या क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, शून्य होती. 197 क्रमांकाची, म्हणजे खराब असल्याचा संशय असलेल्या जागा, तीही शून्य. पण 199 क्रमांकासमोर चांगली लांबलचक संख्या होती. डिस्क आणि मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य फलक, यांच्यामध्ये जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्याबरोबर पडताळणीचा एक आकडा जातो. पोहोचल्यावर तो जुळला नाही तर पुडके पुन्हा मागवले जाते आणि ही नोंद एकाने वाढते. पुडके पाठवणारा शाबूत, घेणारा शाबूत, बिघाड असतो तो बहुतेक वेळा वाटेत. आणि वाट म्हणजे दोहोंच्या मधली एक चपटी, बोटाएवढ्या रुंदीची साटा केबल.

खोके उघडले. केबल जागेवर होती, पण बोट लावताच डुलली. सुरुवातीच्या साटा केबलींना डिस्कच्या खाचेत अडकून बसणारी धातूची खिटी नसे, आणि ही त्याच वंशातली होती. पंख्याच्या थरथरीने आणि रोजच्या तापण्या-निवण्याने ती इतकी सैलावली होती, की पडतही नव्हती आणि धडपणे टेकतही नव्हती. नवी खिटीवाली केबल बसवली. खट्‌ असा आवाज आला, आणि या सगळ्या प्रकरणात ऐकलेला तो पहिला निःसंदिग्ध आवाज होता.

त्यानंतर संगणक हँग झालेला नाही. केबल काढून घातल्याने आतला व्हायरस हलला असावा, असे काकांचे मत आहे. भाचा म्हणतो की फॉरमॅट मारला असता तर एवढे करावेच लागले नसते, आणि हे साफ खोटे असल्याचे मी त्याला सिद्ध करून दाखवले तेव्हा तो मोबाइलमध्ये पाहत होता. डिस्कच्या नोंदवहीतली 199 ची संख्या पुन्हा शून्यावर येत नसते, त्यामुळे ती जेथे थांबली आहे तेथेच थांबून आहे ना, हे मी आता रोज सकाळी तपासतो. त्यासाठी तो छोटा प्रोग्राम मी ठेवून दिला होता. परवा सहज टास्क मॅनेजर उघडला तेव्हा दिसले, की त्याने मला न विचारता स्वतःला आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत घालून घेतले आहे, आणि त्याच्यासमोर परिणाम म्हणून ‘जास्त’ असे लिहिलेले आहे.