राणी व्हिक्टोरिया, मुन्शी अब्दुल करीम आणि न झालेली सारामाफी

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात एक संदेश महिनाभर फिरतो आहे. ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ या २०१७ च्या चित्रपटाचा दाखला देऊन त्यात चार दावे केले आहेत: राणी व्हिक्टोरियाचे हिंदुस्थानी सेवक आणि उर्दूचे शिक्षक मुन्शी अब्दुल करीम यांच्या शब्दाखातर राणीने दुष्काळात वऱ्हाडचा शेतसारा माफ केला, दोघांनी गुपचूप लग्न केले, करीम हे आग्र्याच्या तुरुंगातील कैदी होते आणि राणी उर्दू लिहीत असे. माझ्या भाचीने हा मजकूर शाळेतील भाषणासाठी वहीत उतरवून घेतला, म्हणून आता गप्प राहणे मला शक्य नाही.

सारामाफीचा दावा सर्वांत घातक आहे. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि हैदराबादेतील इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, तो पाहत असे. १८५८ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानविषयीचे निर्णय लंडनमधील भारतमंत्री आणि इकडचा व्हाइसरॉय घेत; कोठे सारा तहकूब झाला, तर तो सरकारी हुकमाने, मुन्शींच्या शब्दाने नव्हे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली, आणि या सगळ्या काळात मुन्शी राणीच्या पदरीच होते. ज्यांचे पणजोबा त्या खडीवर राबले, त्यांच्याच घरांत राणीच्या दयेची ही कथा वाचली जावी, याचा मला संताप येतो. चित्रपटाला पुरावा मानणाऱ्यांनी त्याच्या आरंभीची पाटी तरी वाचावी: कथा सत्य घटनांवर ‘बहुतांशी’ आधारित आहे, असे ती स्वतःच सांगते. सारामाफी तर त्या चित्रपटातही नाही.

लग्नाला कसलाही पुरावा नाही. करीम विवाहित होते, त्यांची पत्नी इंग्लंडमध्ये येऊन राहिली आणि राणी करीम यांना लिहिलेल्या पत्रांत स्वतःला आई म्हणवत असे. ते कैदी नव्हते, तुरुंगातील कारकून होते.

उर्दूचे मात्र खरे आहे, हे मान्य करावे लागते. १८८७ मध्ये पंगतीला वाढणारा सेवक म्हणून गेलेल्या या तरुणाकडून राणी अनेक वर्षे धडे घेत होती आणि तिच्या हस्ताक्षरातील त्या वह्या आजही जपलेल्या आहेत. मुन्शींजवळची पत्रे तिच्या मृत्यूनंतर तिचा मुलगा सातव्या एडवर्डच्या हुकमाने जाळण्यात आली. भाचीने भाषणात वह्यांचे आणि पत्रांचे अवश्य सांगावे. सारामाफीचे वाक्य मी तिला खोडायला लावले आहे.