हॅश व्हॅल्यू झेरॉक्सच्या दुकानात मिळते

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. नव्या कायद्यांवर पोलिसांची एकदिवसीय कार्यशाळा. समई, शाल, पुष्पगुच्छ, पुढच्या रांगेत साहेब आणि मागच्या रांगेत पेंगणारे हवालदार. त्याखाली आपल्याच शहाण्या मित्रांच्या कमेंटा: "यांना काय कळणार लॅपटॉप", "आधी ढेऱ्या कमी करा म्हणावं". मला अजिबात हसू आलं नाही, उलट डोकं फिरलं.

कारण त्या मागच्या रांगेतल्यासारखेच एक हवालदारमामा मध्यंतरी माझ्या दुकानात आले होते. दुकान म्हणजे झेरॉक्स, टायपिंग, कॉम्प्युटर दुरुस्ती. हातात पेन ड्राइव्ह, चेहऱ्यावर संकोच. म्हणाले, "मालक, ह्याची हॅश का काय ती काढून द्या. साहेबांनी मागितलीय." हॅश म्हणजे फाइलचा आकडे-अक्षरांतला ठसा; फाइल जराशी जरी बदलली तरी तो बदलतो.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आजीची मोहनमाळ दोन पोरांनी गाडीवरून येऊन ओढून नेली होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात ते आलं होतं. मामांनी काय केलं, तर दुकानातल्या स्क्रीनवर व्हिडिओ चालू करून तो स्वतःच्या मोबाइलवर शूट केला आणि पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला. मी म्हटलं, मामा, ह्याची हॅश निघेल, पण ती तुमच्या मोबाइलच्या शूटिंगची निघेल, मूळ फुटेजची नाही. कोर्टात वकील पहिल्याच प्रश्नात उडवून लावेल. मग दोघं मेडिकलवर गेलो. डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो. आजीचा दिवस पुसला गेला होता.

आता ह्यात मामा ढ आहेत असं ज्याला वाटतं त्याने जरा थांबावं. १ जुलै २०२४ ला आयपीसी, सीआरपीसी आणि पुरावा कायदा तिन्ही एका झटक्यात गेले. ज्या माणसाने सगळी नोकरी कलमं पाठ करून काढली, त्याला सांगितलं की खून आता ३०२ नाही, १०३. चारशेवीस गेलं, ३१८ आलं. ३०४ म्हणजे पूर्वी सदोष मनुष्यवध, आता हिसकावून केलेली चोरी, म्हणजे नेमकं आजीचंच कलम! बरं, कलमं एक वेळ पुस्तकात बघून लिहिता येतात. पण झडती-जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं, त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप आलं. पुराव्याच्या नव्या कायद्यात कलम ६३ चा दाखला दोन भागांत: एक भाग ज्याचं यंत्र आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश व्हॅल्यू लिहायची. तज्ज्ञ कुठून आणायचा? मामांनी मला विचारलं, "तुम्हीच सही करता का?"

मी! ज्याच्याकडे रेशनकार्डाच्या झेरॉक्स निघतात, तो!

हा दाखला काही आजकालचं खूळ नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये निकाल आला की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीला दाखला लागणारच. तेव्हापासून ठाण्या-ठाण्यात कुणीतरी बसून हे हाताने करून दाखवायला नको होतं?

कार्यशाळा अगदीच फुकट असते असं नाही, हे मान्य. मामाच म्हणाले की कायदा सांगणारे वकीलसाहेब चांगलं बोलले. पण जेवणानंतर पडद्यावर पीपीटी सुरू झाली आणि हॅशची पाटी आली तशी गेली. डीव्हीआर कुणी उघडून दाखवला नाही. पोहणं फळ्यावर शिकवतात का कुठे?

इथेच केगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, नवी पोरं तिथून तयार होऊन जातात, छान. पण निवृत्तीला आलेल्या माणसाला कोण शिकवणार? बंदोबस्त संपला की रात्रपाळी, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली की महिनाभर सुट्टीचं नाव नाही, आणि मधल्या वेळात म्हणे ऑनलाइन कोर्स पूर्ण करा. मामांचा तो कोर्स त्यांच्या मुलीने केला. प्रमाणपत्र मामांच्या नावावर आहे. मी त्यांना काय बोलणार?

आजीला तेलुगू सोडून नीट काही बोलता येत नाही, जबाब नातवाने मध्ये बसून सांगितला. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे निम्मे शेजारी, आणि ठाण्यात जो हजर असेल त्याच्यावर भागवायचं. हे कुठल्या कार्यशाळेत असतं का? तपास कुठवर आलाय हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं असं नव्या कायद्यात आहे. नातू अजून मला विचारतो, काका, काय झालं.

खरं तर आता राग ओसरलाय. मामा त्या दिवशी चहा अर्धा टाकून वहीत लिहून घेत होते. डीव्हीआरमधून मूळ फाइल कशी काढायची, त्याच जागेवर हॅश का घ्यायची, डीव्हीआरचं घड्याळ पुढेमागे असेल तर पंचनाम्यात कसं नोंदवायचं, सगळं. दोनदा विचारलं, लाज बाळगली नाही. दर ठाण्याला आठवड्यातून एक दिवस जाणकार माणूस बसवा, शेजारी बसून खऱ्या केसवर शिकवा, एवढंच मागणं आहे. आपल्या वालचंद कॉलेजात, विद्यापीठात कॉम्प्युटरची पोरं, शिक्षक काय कमी आहेत? पुरावा बाहेरच्यांच्या हातात देणं धोक्याचं, हेही मान्य. म्हणून तर म्हणतोय ठाण्यात बसवा, रीतसर बसवा. आज तोच पुरावा माझ्या दुकानात लग्नपत्रिकांच्या फोल्डरशेजारी उघडला जातोय.

आणि जोक टाकणाऱ्यांनो, आज रात्री आपापल्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं फुटेज कालच्या तारखेचं काढून बघा. पासवर्ड कॅमेरे बसवून गेलेल्या पोराकडेच आहे ना? मग आधी त्याला फोन लावा.